पहिल्या सर्फिंग सहलीचे नियोजन: बेटाआधी किनारा ठरवावा

उष्णकटिबंधातील एखाद्या बेटावर जाऊन सर्फिंग शिकायचे असे ठरले, की बहुतेक जण प्रथम बेटाचे नाव पक्के करतात, मग सोयीच्या विमानाच्या तारखा शोधतात, आणि पाण्यात नेमके कुठे उतरायचे हा प्रश्न तिथे पोहोचल्यानंतरच्या पहिल्या सकाळवर सोपवतात. हा क्रम उलटा करावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. एकाच बेटाच्या दोन बाजूंना एकाच दिवशी समुद्राची दोन वेगळी रूपे दिसतात. एका बाजूला वाळूवरून फेसाळत येणारी आणि नवशिक्याला अलगद किनाऱ्याकडे ढकलणारी लाट असते, तर दुसऱ्या बाजूला प्रवाळखडकावर कोसळणारी, मुरलेल्या माणसालाही विचार करायला लावणारी लाट असते. म्हणून आधी किनारा, मग त्या किनाऱ्याला मानवणारा महिना, त्यानंतर शिक्षक व मुक्काम, आणि सर्वांत शेवटी विमानाचे तिकीट, या क्रमाने नियोजन केले तर सहलीतले बहुतेक दिवस पाण्यात जातात आणि त्यांतून काही शिकूनही होते.

नवशिक्याला मानवणारी लाट

लाट कुठे आणि कशी फुटणार हे समुद्राचा तळ ठरवतो. खोल समुद्रातून आलेली लाट उथळ पाण्यात शिरली की तिचा खालचा भाग मंदावतो, वरचा भाग पुढे झुकतो, आणि पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वा ते दीड पट उरली की ती फुटते. याचा अर्थ असा, की एक मीटर उंचीची लाट जिथे फुटते तिथे तुमच्या पायांखाली जेमतेम छातीइतके पाणी असते. पहिल्या आठवड्यात माणूस शेकडो वेळा पडतो आणि त्यातले बरेचसे पडणे नेमके याच उथळ पाण्यात होते. त्यामुळे तळाशी वाळू आहे की प्रवाळखडक, हा प्रश्न लाटेच्या उंचीपेक्षाही आधी विचारायला हवा. वाळूवर पडले तर खरचटते. प्रवाळावर पडले तर जखम होते, ती उष्ण हवेत लवकर चिघळते आणि सहलीचे उरलेले दिवस किनाऱ्यावर बसून काढावे लागतात.

तळाचा उतारही तितकाच महत्त्वाचा आहे. मंद उताराच्या रुंद किनाऱ्यावर लाट हळूहळू, वरच्या कडेपासून ओघळत फुटते आणि तिचा फेस बराच वेळ किनाऱ्याकडे सरकत राहतो. शिकणाऱ्याला हाच फेसाळ पट्टा हवा असतो. उभ्या उताराच्या किनाऱ्यावर मात्र लाट एकदम उचलली जाते आणि काठाजवळच आदळते. असा किनारा छायाचित्रात फार देखणा दिसतो, पण मान आणि खांद्यांच्या गंभीर दुखापती अशाच ठिकाणी होतात. तिथली वाळू कितीही मऊ असली तरी पहिल्या सहलीसाठी तो किनारा टाळावा.

काही उदाहरणांनी हे स्पष्ट होईल. श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावरील वेलिगामाचा उपसागर रुंद आणि वाळूच्या तळाचा आहे. तिथे अनेक जण एकाच वेळी शिकत असले तरी पुरेशी जागा मिळते. इंडोनेशियातील बालीचा कुटा किनारा आणि शेजारच्या लोंबोक बेटावरील सेलोंग बेलानाकचा अर्धचंद्राकृती किनारा याच जातीचे आहेत. बार्बेडोसच्या दक्षिण टोकाजवळची फ्रेट्स बे ही जागाही शांत, लांब लाटांसाठी ओळखली जाते. हवाईतील ओआहू बेटावरील वाईकीकी हा थोडासा अपवाद आहे. तिथे लाटा किनाऱ्यापासून दूर असलेल्या खडकाळ, प्रवाळी तळावर फुटतात, परंतु तळाचा उतार इतका मंद आहे की लाट सावकाश फुटत बऱ्याच अंतरापर्यंत चालत राहते. आधुनिक सर्फिंग जगभर पोहोचवणारे ड्यूक कहानामोकू याच पाण्यात वाढले. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये १०० मीटर फ्रीस्टाइल पोहण्याचे सुवर्णपदक त्यांनी जिंकले होते, आणि त्यांचा पुतळा आज त्याच किनाऱ्यावर उभा आहे.

ज्या नावांमुळे माणसे या बेटांकडे ओढली जातात, ती मात्र बहुधा दुसऱ्याच प्रकारच्या जागांची असतात. बालीचे उलुवातू, फिलिपिन्समधील सियारगाओ बेटावरचे क्लाउड नाईन, बार्बेडोसच्या पूर्व किनाऱ्यावरचे बॅथशीबा, आणि २०२४ च्या ऑलिंपिकमधील सर्फिंग स्पर्धा जिथे झाली ते ताहितीचे तेआहुपो, या साऱ्या जागी लाट उथळ खडकावर जोराने फुटते. तिथे काठावरून किंवा नावेतून पाहत बसणे हा मोठा आनंद आहे आणि तो अवश्य घ्यावा, पण मुक्काम तिथे ठेवू नये. बेट प्रसिद्ध असणे आणि ते नवशिक्याला सोयीचे असणे यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही.

उंचीचा आकडा आणि त्यामागचा दुसरा आकडा

सर्फलाइन किंवा विंडी यांसारख्या हवामान ॲपवर लाटेच्या उंचीशेजारी सेकंदांचा एक आकडा दिलेला असतो. दोन लागोपाठच्या लाटांमधला तो कालावधी असतो, आणि बहुतेक नवशिके त्याकडे पाहतच नाहीत. जवळच्या वाऱ्याने उठलेल्या लाटांचा कालावधी पाच ते आठ सेकंदांचा असतो. त्या विस्कळीत असतात, पण त्यांत जोर कमी असतो. हजारो किलोमीटर दूरच्या वादळातून निघून आलेल्या, सर्फर ज्यांना ‘स्वेल’ म्हणतात त्या लाटांचा कालावधी बारा ते सोळा सेकंदांपर्यंत जातो. त्या आखीव रांगांनी येतात आणि उथळ पाण्यात शिरल्यावर अंदाजातल्या आकड्यापेक्षा पुष्कळ उंच उठतात. म्हणून एक मीटर आणि सात सेकंद असा अंदाज असलेला दिवस, आणि एक मीटर व पंधरा सेकंद असा अंदाज असलेला दिवस, हे नवशिक्यासाठी दोन अगदी निराळे दिवस आहेत. उंचीच्या बाबतीतही एक गोष्ट ध्यानात ठेवावी: उंची दुप्पट झाली की लाटेतली ऊर्जा चौपट होते. कमरेइतक्या लाटेत मजेने शिकणाऱ्याला डोक्याइतकी लाट थोडी नव्हे, कितीतरी जड जाते, त्याचे कारण हेच.

शिवाय अंदाजात दिलेली उंची बहुधा सर्वांत उंच एक तृतीयांश लाटांची सरासरी असते. त्या दिवसात एखादी लाट या आकड्याच्या दुपटीजवळही जाऊ शकते. पहिल्या आठवड्यासाठी किनाऱ्यावर अर्धा ते एक मीटर उंचीची लाट पुरेशी आहे, किंबहुना तीच उत्तम आहे. यापेक्षा मोठ्या लाटेत शिकण्याचा वेग वाढत नाही. वाढते ती केवळ भीती, आणि एकदा बसलेली भीती निघायला पुढच्या दोन सहली लागतात.

महिना आणि वारा

किनारा निवडल्यानंतर महिन्याचा प्रश्न जवळजवळ आपोआप सुटतो, कारण उष्णकटिबंधातील बेटांवर वारे ऋतूप्रमाणे दिशा बदलतात. जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा वारा लाटेचे तोंड गुळगुळीत ठेवतो, आणि समुद्रावरून जमिनीकडे येणारा वारा तेच पाणी घुसळून टाकतो. त्यामुळे बेटाच्या ज्या बाजूवर त्या ऋतूत वारा पाठीमागून, म्हणजे जमिनीकडून येतो, ती बाजू त्या ऋतूची.

श्रीलंकेत हे फार स्पष्ट दिसते. मे ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्य मोसमी वारे दक्षिण व नैर्ऋत्य किनाऱ्यावर थेट आदळतात. म्हणून वेलिगामा आणि त्याच्या आसपासच्या किनाऱ्यांचा खरा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल असा असतो. पूर्व किनाऱ्यावरील अरुगम बे मात्र याच्या उलट, साधारण मे ते सप्टेंबर या काळात बहरते. तिथली मुख्य जागा अनुभवी सर्फरांची असल्याने नवशिक्यांनी जवळच्या सौम्य जागांची चौकशी करून मगच जावे. बालीत एप्रिल ते ऑक्टोबरच्या कोरड्या ऋतूत आग्नेय वारे वाहतात आणि कुटा ज्या पश्चिम बाजूला आहे ती बाजू सुधारते. नोव्हेंबर ते मार्च या पावसाळी काळात वारा पश्चिमेकडून येतो आणि सानूर, नुसा दुआ ही पूर्वेची बाजू चांगली होते. पण पूर्वेकडे बव्हंशी प्रवाळखडक आहेत आणि पश्चिमेच्या किनाऱ्यांवर त्याच काळात पावसाने वाहून आणलेला कचरा साचतो. नवशिक्याने बालीला कोरड्या ऋतूतच जावे, तेही त्याच्या अगदी सुरुवातीला किंवा अखेरीस, कारण जुलै-ऑगस्टमध्ये हिंदी महासागराच्या दक्षिण भागातून येणाऱ्या लाटा सर्वांत मोठ्या असतात आणि गर्दीही तेव्हाच असते.

ओआहूवर हाच न्याय वाऱ्याऐवजी लाटांच्या दिशेला लागतो. हिवाळ्यात उत्तर पॅसिफिकमधील वादळांमुळे बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर जगातल्या सर्वांत धोकादायक लाटांपैकी काही उठतात, आणि त्याच दिवसांत दक्षिणेकडचे वाईकीकी पुष्कळदा शांत असते. वाईकीकीला मोठ्या लाटा येतात त्या दक्षिण गोलार्धातून, उत्तरेकडील उन्हाळ्याच्या महिन्यांत.

चक्रीवादळांचा हंगामही पाहून घ्यावा. अटलांटिक आणि कॅरिबियनमध्ये तो अधिकृतपणे १ जून ते ३० नोव्हेंबर असा मानला जातो, तर मॉरिशसच्या परिसरातील नैर्ऋत्य हिंदी महासागरात साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. विषुववृत्ताच्या अगदी जवळ, सुमारे पाच अंशांच्या आत, पृथ्वीच्या परिवलनाचा परिणाम क्षीण असल्याने चक्रीवादळे क्वचितच जन्मतात. तिथल्या बेटांना ही चिंता कमी असते, तरी दूरच्या वादळाने उठलेल्या लाटा तिथेही पोहोचतात.

महिन्यानंतर आठवडा ठरवताना चंद्राकडे पाहावे. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती येते व ओहोटीही खोल जाते, तर अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते आणि पाण्याच्या पातळीतला फरक कमी राहतो. श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावर हा फरक एरवीही एक मीटरच्या आतच असल्याने तिथे याचा फारसा विचार करावा लागत नाही. बालीत उधाणाच्या दिवसांत तो दोन मीटरच्या पुढे जातो आणि सकाळी उत्तम असलेली जागा दुपारी निरुपयोगी होते. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. आपल्या मुक्कामातल्या सकाळी पाणी किती असेल, हे त्यामुळे घरी बसूनच भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून काढता येते, आणि काढावे.

दिवसाच्या वाऱ्याचा विचारही सोपा आहे. पहाटे जमीन थंड असते तेव्हा मतलई वारा समुद्राकडे वाहत असतो आणि पाणी नितळ असते. ऊन चढले की समुद्रावरून खारे वारे सुरू होतात आणि पाणी खवळते. म्हणून पाण्यातला मुख्य वेळ सूर्योदयापासून पुढच्या दोन-तीन तासांत ठेवावा. यात उन्हापासूनही बचाव होते.

किती दिवस, आणि कोणाकडे शिकायचे

पाच दिवसांची सहल फार तोकडी पडते. एक दिवस प्रवासाच्या थकव्यात जातो, एक दिवस समुद्र साथ देत नाही, आणि तिसऱ्या दिवशी खांदे इतके दुखतात की हात डोक्यावर नेववत नाही. आठ ते दहा दिवस असतील तर मध्ये एक पूर्ण विश्रांतीचा दिवस ठेवता येतो, आणि शरीर त्या विश्रांतीत जे आत्मसात करते ते दुसऱ्या दिवशी पाण्यात जाणवते. पहिले दोन-तीन दिवस फेसाळ पाण्यात उभे राहायला शिकण्यात जावेत. चौथ्या-पाचव्या दिवसापासून फेसातच बोर्ड डावीकडे-उजवीकडे वळवण्याचा प्रयत्न करावा, आणि शेवटच्या दिवसांत, शिक्षकाला योग्य वाटले तर, अजून न फुटलेल्या छोट्या लाटेवर. दिवसाकाठी दीड-दोन तासांचे एक सत्र पुरते. संध्याकाळी दुसरे सत्र करायचे असेल तर अंगात खरोखर ताकद उरली आहे का, हे प्रामाणिकपणे तपासावे, कारण अपघात बहुधा थकलेल्या शरीराला होतात.

शिक्षकाशिवाय शिकू नये. मित्राने शिकवणे ही सोय वाटते, पण स्वतः लाटेवर उभे राहता येणे आणि दुसऱ्याला कोणत्या लाटेवर कधी ढकलायचे हे कळणे, ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. शिकवणी निवडताना आधीच काही प्रश्न लिहून पाठवावेत. एका शिक्षकामागे किती विद्यार्थी असतात? पहिल्या सत्रासाठी चारांहून अधिक असतील तर मी दुसरीकडे पाहीन. शिक्षकाकडे आंतरराष्ट्रीय सर्फिंग संघटनेचे किंवा तत्सम मान्यताप्राप्त प्रमाणपत्र आहे का, जलसुरक्षेचे आणि प्रथमोपचाराचे प्रशिक्षण झाले आहे का, आणि लाटा मोठ्या असतील त्या दिवशी तुम्ही काय करता? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत बोलके असते. ‘अशा दिवशी आम्ही दुसऱ्या, आडोशाच्या किनाऱ्यावर नेतो किंवा सत्र पुढे ढकलतो’ असे उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवावा. ‘काळजी करू नका, लाट चांगलीच असते’ असे म्हणणाऱ्यावर ठेवू नये.

स्वतःचा बोर्ड विकत घेऊन विमानातून नेण्याची पहिल्या सहलीत अजिबात गरज नाही. तिथे भाड्याने मिळणारा आठ ते नऊ फुटांचा, वरून फोमचा मऊ बोर्ड घ्यावा. तो अधिक तरंगतो, डोक्याला लागला तरी इजा कमी करतो, आणि लाट लवकर पकडतो. बोर्डाचे घनफळ लीटरमध्ये दिलेले असते. नवशिक्यासाठी ते निदान आपल्या वजनाच्या किलोंइतके आणि त्यावर आणखी पंधरा-वीस लीटर असावे, म्हणजे ६५ किलो वजनाच्या व्यक्तीला सुमारे ८० ते ८५ लीटरचा बोर्ड सोयीचा पडेल. दोन दिवस बरे गेल्यावर छोटा, अणकुचीदार बोर्ड घेण्याचा मोह अनेकांना होतो. तो या सहलीत आवरावा. छोट्या बोर्डावर लाटाच कमी मिळतात, आणि सराव लाटांच्या संख्येने होतो.

निघण्यापूर्वीचे सहा आठवडे

पोहता येणे ही पूर्वअट आहे. थांबल्याशिवाय निदान दोनशे मीटर पोहता येत नसेल, किंवा खोल पाण्यात पाय न टेकता काही मिनिटे शांतपणे तरंगता येत नसेल, तर सहल सहा महिने पुढे ढकलून आधी पोहणे पक्के करावे. सर्फिंगमधला बहुतांश वेळ उभे राहण्यात जात नाही. तो पोटावर झोपून हातांनी पाणी मागे सारत पुढे जाण्यात जातो, आणि त्यासाठी खांदे, पाठ व मान तयार असावी लागते. आठवड्यातून दोन-तीनदा पोहणे, भुजंगासनासारखी पाठ वर उचलण्याची आसने, आणि दंड, एवढे पुरेसे आहे.

एक गोष्ट मात्र रोज करावी. जमिनीवर पालथे झोपून, हात छातीशी टेकून, एका झटक्यात दोन्ही पाय अंगाखाली आणून गुडघे वाकवलेल्या स्थितीत उभे राहण्याचा सराव रोज पंधरा-वीस वेळा करावा. यात गुडघे टेकण्याची सवय लागू देऊ नये, कारण ती पाण्यात गेल्यावर सुटत नाही. कोणता पाय पुढे येतो हेही याच सरावात कळते. शरीराला जो पाय पुढे घ्यावासा वाटतो तोच बरोबर असतो.

सामानाबद्दल थोडक्यात सांगायचे तर उष्णकटिबंधातील पाणी बहुधा २६ ते ३० अंश सेल्सिअस असते, त्यामुळे जाड रबरी पोशाख लागत नाही. पूर्ण बाह्यांचा अंगाला चिकटणारा रॅश गार्ड आणि न निसटणारी अर्धी चड्डी किंवा लेगिंग्ज पुरतात. ऊन मात्र हलके घेऊ नये. या बेटांवर दुपारच्या वेळी अतिनील किरणांचा निर्देशांक ११ च्या वर, म्हणजे सर्वोच्च धोक्याच्या गटात जातो, आणि पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश त्यात भर घालतो. चेहऱ्याला झिंक ऑक्साइडचा जाड थर द्यावा आणि दर दोन तासांनी पुन्हा लावावा. ऑक्सिबेंझोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही द्रव्ये असलेले सनस्क्रीन घेऊ नये. प्रवाळाला ती घातक असल्याच्या चिंतेने हवाईने त्यांच्या विक्रीवर १ जानेवारी २०२१ पासून बंदी घातली आहे, आणि पलाऊ या बेटराष्ट्राने त्याच्या एक वर्ष आधीच अशा सनस्क्रीनना मज्जाव केला. ज्या समुद्रात आपण शिकायला जातो त्याची एवढी काळजी आपण घेतलीच पाहिजे.

पाण्यातली शिस्त

किनाऱ्यावर पोहोचल्यावर लगेच पाण्यात शिरू नये. पंधरा-वीस मिनिटे उभे राहून पाहावे. दूरवरून येणाऱ्या लाटा गटागटाने येतात, त्यांच्यामध्ये मोठी शांतता असते, आणि त्या शांततेत पोहोचलेल्या माणसाला समुद्र फसवा सौम्य वाटतो. लाटा कुठे फुटतात, माणसे कुठून आत जातात, कुठून बाहेर येतात, हे या वेळात कळते.

याच निरीक्षणात रिप करंट ओळखायला शिकावे. किनाऱ्यावर चढलेले पाणी परत समुद्राकडे जाताना एका अरुंद पट्ट्यातून जोराने वाहते, त्याला हे नाव आहे. दोन फुटत्या लाटांच्या मध्ये जो पट्टा गडद, गढूळ किंवा विचित्रपणे शांत दिसतो, जिथे लाट फुटत नाही आणि फेस किनाऱ्यापासून दूर सरकताना दिसतो, तिथे तो असतो. अनोळखी माणसाला नेमकी तीच जागा सुरक्षित वाटते. हा प्रवाह काही वेळा सेकंदाला दोन मीटरहूनही अधिक वेगाने वाहतो, आणि पट्टीचा पोहणाराही त्याच्या विरुद्ध टिकत नाही. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे पोहण्याचा हट्ट धरू नका. बोर्ड सोडू नका, कारण तो तुम्हाला तरंगत ठेवणारी सर्वांत विश्वासार्ह वस्तू आहे. त्यावर पालथे पडून किनाऱ्याला समांतर सरका, फुटत्या लाटांच्या पट्ट्यात पोहोचलात की लाटाच तुम्हाला किनाऱ्याकडे आणतील. ताकद संपली असेल तर नुसते तरंगत राहून एक हात वर करून मदत मागावी. प्रवाह खाली ओढत नाही, फक्त बाहेर नेतो, ही गोष्ट मनात ठसलेली असेल तर घाबरगुंडी उडत नाही.

पडण्याचीही पद्धत आहे. डोके पुढे करून कधीही उडी मारू नये. पाठीवर किंवा कुशीवर, अंग पसरून, शक्य तितके उथळ पडावे. वर येताना दोन्ही हातांनी डोके झाकावे, कारण बोर्ड नेमका वरच असू शकतो. लीश, म्हणजे पाय बोर्डाला जोडणारा पट्टा, मागच्या पायाला असावा, त्याची लांबी बोर्डाइतकी असावी, आणि तो हाताच्या बोटांभोवती कधीही गुंडाळू नये. पाण्यात चालताना बोर्ड आपल्या आणि लाटेच्या मध्ये आडवा धरू नये. तो बाजूला, टोक लाटेकडे करून धरावा. कमरेएवढ्या पाण्यात आडव्या बोर्डावर लाट आदळली की तो थेट पोटात किंवा तोंडावर बसतो, आणि पहिल्या दिवशीच्या दुखापतींचे हे एक नेहमीचे कारण आहे.

लाटेवर हक्क कोणाचा, याचे नियम जगभर जवळजवळ सारखेच आहेत. लाट जिथून फुटायला लागते त्या जागेच्या सर्वांत जवळ असलेल्याची ती लाट, आणि तो उठला असेल तर इतरांनी तिच्यावर जाऊ नये. बाहेर जाताना लाटेवरून येणाऱ्याच्या वाटेतून दूर राहावे, त्यासाठी फेसाकडून वळसा घालावा लागला तरी घालावा. मोठी लाट आली म्हणून बोर्ड सोडून पाण्याखाली जाऊ नये, मागचा माणूस त्या बोर्डाच्या वाटेत असतो. चूक झाली तर लगेच क्षमा मागावी. पहिल्या काही दिवसांत फेसाळ पट्ट्यातच राहिले तर या वादांचा प्रसंगच सहसा येत नाही, आणि अनुभवी सर्फर जिथे लाटेची वाट पाहत बसलेले असतात तिथे शिक्षकाबरोबरच जावे.

स्थानिक बंदी आणि इशारे यांच्याशी वाद घालू नये. हिंदी महासागरातील रेयुनियन बेटावर शार्कच्या हल्ल्यांनंतर २०१३ मध्ये प्रशासनाने संरक्षित जागा सोडून इतरत्र पोहण्यावर आणि सर्फिंगवर बंदी घातली. लाटा उत्तम असूनही एखादा किनारा का रिकामा आहे, हे आधी विचारावे.

आरोग्य, विमा आणि मुक्काम

प्रवास विमा घेताना त्यात सर्फिंग समाविष्ट आहे का, हे नियमावलीत वाचून खात्री करावी. अनेक विमा योजनांत साहसी खेळ वगळलेले असतात. छोट्या बेटांवर मोठे रुग्णालय नसते आणि गंभीर दुखापत झाल्यास विमानाने दुसरीकडे हलवावे लागते. तो खर्च विम्यात बसतो का, हेही पाहावे. भाड्याने स्कूटर घेणार असाल तर दुचाकीचा योग्य परवाना आणि हेल्मेट नसताना झालेला अपघात विमा कंपन्या सहसा मान्य करत नाहीत. माझ्या मते पाण्यापेक्षा रस्त्यावरचा धोका अधिक असतो आणि त्याचा विचार सर्वांत कमी केला जातो.

धनुर्वाताची लस चालू आहे का, ते डॉक्टरांना विचारावे. प्रवाळाची जखम किरकोळ दिसली तरी ती लगेच स्वच्छ गोड्या पाण्याने व साबणाने घासून धुवावी, आत अडकलेले कण काढावेत, आणि ती बरी होईपर्यंत पाण्यात जाऊ नये. लाली पसरू लागली किंवा ताप आला तर डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करू नये. अनेक बेटांवर डेंग्यू असतो आणि त्याचे डास दिवसा चावतात, तेव्हा डास पळवणारे मलम केवळ रात्रीसाठी ठेवू नये.

मुक्काम शक्यतो किनाऱ्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर घ्यावा, जरी त्यासाठी खोली साधी घ्यावी लागली तरी. पहाटेचा वारा आणि भरतीची वेळ ही दोन्ही कोणासाठी थांबत नाहीत, आणि वाहनाची वाट पाहण्यात गेलेली अर्धी सकाळ परत मिळत नाही. पहिल्या दोन-तीन रात्रींपुरतेच आरक्षण पक्के करून उरलेले मोकळे ठेवता आले तर फार बरे, म्हणजे लाटा फार मोठ्या झाल्या तर बेटाच्या आडोशाच्या बाजूला हलता येते.

इतके झाल्यावर तिकीट काढावे. पोहोचण्याचा दिवस आणि शिकवणीचा पहिला दिवस यांच्यात एक मोकळी सकाळ ठेवावी, म्हणजे समुद्र नुसता पाहता येतो आणि अंगातला प्रवासाचा शीण उतरतो. परतीचे विमान संध्याकाळचे निवडता आले तर शेवटची पहाटही वापरता येते. त्या दिवशी अंदाजात लहान लाट आणि जमिनीकडून येणारा वारा असेल, तर शिक्षकाला आदल्या रात्रीच कळवून ठेवावे, रॅश गार्ड वाळायला दोन तास लागतात हे धरून सामानाची पिशवी आधीच भरावी, आणि उजाडताच पाण्यात उतरावे.